तिसऱ्या दिवसाची भेट

(दृश्य: अंगण, सकाळ. नळाखाली हात. पाण्याचा मूळ आवाज चालू ठेवावा, निवेदन त्यावरच.)

बांगड्या कोपराकडे सरकवल्या आहेत. अंगठी काढून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली. आधी तळवे, मग हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं आणि शेवटी मनगटापासून कोपरापर्यंत. सासूबाई हात पुसायला टॉवेल घेऊन उभ्या आहेत. आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य यंत्रणेनं नेमलेल्या गावच्या आरोग्य स्वयंसेविका, मानेनंच नको म्हणतात आणि ओले हात वर धरून तशाच उभ्या राहतात. वाऱ्यावर सुकतील. टॉवेलला पुसले, तर इतका वेळ केलेलं सगळं पाण्यात.

गडचिरोली जिल्हा, धानोरा तालुका. या घरात तीन दिवसांचं बाळ आहे. मुलगी. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. ४८ तास तिथं राहून मायलेकी काल संध्याकाळी घरी आल्या. दवाखान्यातल्या सिस्टरची ड्युटी तिथं संपते आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंतची या बाईची सुरू होते. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळ घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक.

(दृश्य: पिशवी उघडते. एकेक वस्तू.)

थर्मामीटर. सेकंद दाखवणारं घड्याळ. स्प्रिंगचा वजनकाटा, त्याची कापडी झोळी. बाळाला गुंडाळायचं ब्लँकेट. साबण, कारण प्रत्येक घरी तो मिळेलच असं नाही. आणि फॉर्म.

बाळ झोपलंय. आशाताई त्याला उचलत नाहीत. झबलं तेवढं हलकेच वर सारतात आणि घड्याळ हातात घेतात. पोट वर गेलं, खाली आलं, हा एक श्वास. श्वास सगळ्यात आधी मोजायचा, कारण एकदा झोळीत घातलं की बाळ रडणार, आणि रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजून उपयोग नाही. मोजायचे तेही पूर्ण मिनिटभर. अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट केले तर चुकतं. एवढ्याशा बाळाचा श्वास मध्येच थबकतो, मग दहा-पंधरा भराभर येतात, मग पुन्हा संथ.

(निवेदन थांबवावं. मिनिट पूर्ण दाखवावं, कापू नये.)

बावन्न. ६० किंवा त्याच्या वर गेले असते तर लगेच दुसऱ्यांदा मोजायचं. पुन्हा तेवढेच आले, तर गाडी बोलवायची.

आता काखेत थर्मामीटर. दंड छातीशी धरून ठेवायचा, बीप वाजेपर्यंत. ९८.१. मग बाळाच्या पोटाला हात, आणि त्याच हातानं तळपाय. पोट ऊबदार आणि तळपाय गार, म्हणजे बाळ ऊब राखायला धडपडतंय. दोन्ही गार, तर उशीर होत चाललाय. या बाळाचे तळपायही ऊबदार आहेत. बाजेखाली विस्तवाची घमेली मात्र आशाताई बाहेर ठेवायला लावतात. थंडी आहे, हे खरं. पण धूर बाळाच्या छातीत जातो. त्यापेक्षा टोपडं, पायमोजे, दोन पदरी कापड आणि आईची कूस.

(दृश्य: वजनकाटा. काट्याचा क्लोजअप.)

रिकामी झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणला. मग झोळीत बाळ, आणि काटा आशाताईंच्या डोळ्यांच्या रेषेत. खालून किंवा वरून पाहिलं की पन्नास-शंभर ग्रॅम इकडचे तिकडे होतात. काट्यावर रंगाचे पट्टे आहेत. अडीच किलोच्या वर हिरवा. काटा पिवळ्यात थांबलाय. दोन किलो चारशे.

सासूबाई पुढे होतात. "कमी भरली? दवाखान्यात तर अडीचच्या वर होती."

"दोन किलो साडेपाचशे होती जी. पहिल्या दिवसांत थोडं उतरतेच. पाजत राहा, दहा-बारा दिवसांत भरून निघते."

खरं आहे ते. जन्मानंतर बाळाच्या अंगातलं जादा पाणी जातं आणि वजन थोडं उतरतं. हे सांगायला त्या दिवशी घरात कोणी नसलं, तर याच पिवळ्या पट्ट्याच्या धास्तीनं वरचं दूध सुरू होतं, बाटली येते, आणि आईचा पान्हा आटायला लागतो.

"नाळेला काय लावलं?"

"काही नाही."

कोनाड्यात तेल-हळदीची वाटी आहे. आमच्या कॅमेऱ्याला दिसली, आशाताईंनाही दिसली. त्या काही बोलत नाहीत. बाळाचं कापड खाली करून नाळ उजेडात पाहतात. कोरडी आहे, लाली नाही, पू नाही. मग एकच वाक्य: "अशीच राहू द्या, आपोआप गळून पडते." वाटी तिथंच राहते. पण पुढच्या भेटीत पहिली नजर कुठे जाणार, हे सासूबाईंना कळलंय.

(दृश्य: आईच्या खांद्यामागून. चेहरा फ्रेममध्ये नको, तिनं तसं सांगितलंय.)

पाजताना पाहणं, हा या भेटीचा सगळ्यात लांबलेला भाग. बाळ नुसतं बोंडाला चिकटलंय की नीट पितंय? तोंड मोठं उघडं हवं. खालचा ओठ बाहेर वळलेला. हनुवटी छातीला टेकलेली. इथं हनुवटी टेकत नाहीये, म्हणून आईला टोचतंय, म्हणून ती मिनिटभरात बाळाला काढते. आशाताई करंगळीनं बाळाचं तोंड सोडवतात, बाळाला आईच्या पोटाशी पूर्ण वळवतात, मान आणि पाठ एका रेषेत आणतात. पुन्हा. तिसऱ्या खेपेला जमतं. आता ऐका, गिळल्याचा आवाज येतोय.

(मूळ आवाज.)

चीक पाजला होता का, हे आशाताईंनी आधीच विचारून घेतलंय. पाजला होता. दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्या तासाच्या आतच बाळ छातीशी दिलं होतं.

आता फॉर्म. इथं थोडं थांबू, कारण हा कागद फारसं कोणी वाचत नाही. भेट बाळाची म्हणून ओळखली जाते, पण पहिला प्रश्न आईचा आहे: चोवीस तासांत ती पोटभर किती वेळा जेवते? चारपेक्षा कमी असेल तर घरच्यांशी बोलायचं. दुसरा प्रश्नही तिचाच. दिवसात किती पॅड किंवा घड्या बदलाव्या लागतात? पाचच्या वर गेल्या तर तिला दवाखान्यात न्यायचं. पुढे ताप, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, असंबद्ध बोलणं, झटके, छातीची भेगाळलेली बोंडं. ही आई दोनदा जेवते. "भूक नाही," म्हणते. सासूबाई भिंतीकडे पाहतात.

अतिरक्तस्राव आणि जंतुसंसर्ग, बाळंतिणी दगावतात त्या मुख्यतः याच कारणांनी. त्यासाठी हे दोन-तीन प्रश्न.

(दृश्य: शोधग्रामचं प्रवेशद्वार, दंतेश्वरीचं देऊळ, जुने फोटो.)

हे सगळं दिल्लीत बसून कोणाला सुचलेलं नाही. याच रस्त्यावर शोधग्राम आहे, 'सर्च' या आरोग्यसंस्थेचा परिसर. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च'चं काम सुरू केलं. त्याच्या जेमतेम चार वर्षं आधी, १९८२ मध्ये, चंद्रपूरमधून फुटून हा जिल्हा वेगळा झाला होता. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली तेव्हा शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग निघाले. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तोवर बाईच्या आरोग्याचा अर्थ कार्यक्रमांच्या हिशेबी बाळंतपण आणि नसबंदी एवढाच होता.

मग न्यूमोनियाचं काम. दायांना श्वास मोजायला शिकवायचं होतं आणि त्यांतल्या बऱ्याचजणींना साठपर्यंत आकडेच मोजता येत नव्हते. म्हणून हे साधन. (दृश्य: मणी आणि वाळूचं घड्याळ.) वाळू एका मिनिटात खाली येते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. अक्षर न ओळखणाऱ्या बाईच्या हातात निदान आलं ते असं.

तरी पहिल्या महिन्यातलं बाळ हाती लागत नव्हतं. बाळंतपणं घरीच होत, आणि बाळ-बाळंतीण खोलीबाहेर येत नसत. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी नुसतं पाहिलं आणि लिहिलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या, त्याच गावच्या बायका. ७६३ बाळं. त्यांतली ४२ टक्के जन्मतःच अडीच किलोच्या आत. आजारी बाळांपैकी दवाखान्यात पोचणारं विरळाच. पुढच्या वर्षीपासून याच बायकांनी घरात जाऊन ऊब, पाजणं, श्वास कोंडलेल्या बाळाची शुश्रूषा आणि जंतुसंसर्गावर उपचार सुरू केले. त्यात जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनही आलं. गावच्या बाईनं नवजात बाळाला सुई टोचायची, यावर डॉक्टरांच्या जगात बराच गदारोळ झाला. तो आमच्या फिल्मचा विषय नाही, पण एवढं सांगावंसं वाटतं: या बायकांना सुई हातात मिळाली ती शेकडो बाळं तपासून झाल्यावर.

हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती, तिसऱ्या वर्षी २५ वर आली. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं हे प्रसिद्ध केलं.

(दृश्य: प्रशिक्षण वर्ग. रबरी बाहुल्या, प्रत्येकीच्या मांडीवर एक.)

२०११ पासून देशभरातल्या आशांना हे शिकवलं जाऊ लागलं. इंजेक्शन वगळून. बाहुलीला गुंडाळायचं, टोपडं घालायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं. मागच्या रांगेतल्या ताईंची बाहुली दोनदा निसटली. हसू नका, खऱ्या बाळाच्या बाबतीत ही चूक पौषातल्या थंडीत महागात पडते.

(दृश्य: पुन्हा घर. फॉर्मवर आईची सही.)

निघता निघता सासूबाई विचारतात, परवा पाचवी आहे, तेव्हा तरी डोळ्यात काजळ घालायचं की नाही?

"डोळ्यात नको जी. तळपायाला लावा."

"तळपायाला कोणाची दृष्ट लागते?"

आशाताई हसतात, पण उत्तर बदलत नाहीत. शेवटी तीट कानामागे लावायचं ठरतं.

बेचाळीस दिवस पूर्ण झाले, आई आणि बाळ दोघं सुखरूप असले, वजन नोंदलेलं असलं, जन्माची नोंद झाली, लसी टोचल्या गेल्या, तर या सगळ्या भेटींचे मिळून ₹२५०. २०११ मध्ये ठरलेला हा दर. भेटीमागे बेचाळीस रुपयेही पडत नाहीत, आणि आजची भेट सव्वा तास चालली. आशा कामगार म्हणून नाही, स्वयंसेविका म्हणून नेमली जाते. त्यामुळे या रकमेला वेतन म्हणायचं नाही, मोबदला म्हणायचं.

(दृश्य: रस्ता, पाठमोऱ्या आशाताई.)

पुढचं घर दीड किलोमीटरवर. तिथलं बाळ एक किलो नऊशे ग्रॅमचं आहे. आईच्या उघड्या छातीशी, कापडानं बांधून ठेवलेलं. त्या घरानं चित्रीकरणाला नकार दिला, म्हणून कॅमेरा इथंच थांबतो. आशाताईंना तिथं बाराच्या आत पोचायचंय.