दोन फ्रेमच्या मधला अपघात

श्रोतेहो, नमस्कार.

29 नोव्हेंबर 2020 रोजी बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत, पहिल्याच फेरीत, रोमँ ग्रोजाँ यांची गाडी ताशी 192 किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. गाडीचे दोन तुकडे झाले, आगीचा लोळ उठला आणि त्या आगीत 27 सेकंद काढून ग्रोजाँ स्वतः बाहेर पडले. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. परंतु सेकंदाला 25 फ्रेमचे साधे चित्रण धरले, तर त्या वेगाने गाडी दोन फ्रेमच्या मधल्या काळात दोन मीटरांहून अधिक पुढे जाते. जे समजून घ्यायचे असते, ते नेमके तेवढ्यात घडून गेलेले असते.

म्हणून असा अपघात संगणकावर पुन्हा घडवला जातो. गाडीतील नोंदयंत्र धक्क्याची तीव्रता सांगते, चालकाच्या कानातील संवेदक डोक्याला बसलेला झटका सांगतो, आणि चालकाच्या चेहऱ्याकडे रोखलेला, 2016 पासून वापरात आलेला कॅमेरा सेकंदाला 400 फ्रेम टिपतो. या नोंदींवर त्रिमित चित्र उभे राहते. आधी मोजमाप, मग चित्र. हा क्रम श्रोत्यांनी लक्षात ठेवावा.

हा क्रम मला बहरीनमुळे नव्हे, तर नेरूळच्या आमच्या सोसायटीमुळे समजला. आमच्या इमारतीतील एक निवृत्त काका एका रात्री गेटमधून आत वळताना वॉचमनच्या केबिनशेजारच्या लोखंडी खांबावर मोटार घेऊन आदळले. कोणाला इजा झाली नाही. दिवा फुटला, खांब वाकला आणि खांबाचा खर्च कोणी द्यायचा यावर सभा बसली. वॉचमन म्हणाला, गाडी पन्नासच्या वेगाने आली. काका म्हणाले, दहाच्या वर काटा गेलाच नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी तर काका फोनवर बोलत होते असे शपथेवर सांगितले, आणि काकांचा फोन त्या वेळी घरी चार्जिंगला लावलेला होता.

शेजारची मुलगी त्या वेळी ॲनिमेशन शिकत होती. तिने सीसीटीव्हीचे चित्रण मागून घेतले आणि पहिल्यांदा, सर्वांना हसू यावे अशा रीतीने, टेप घेऊन गेटसमोरचे पेव्हर ब्लॉक मोजले. एक ब्लॉक 20 सेंटीमीटरचा, कॅमेरा सेकंदाला 15 फ्रेमचा, आणि मोटार प्रत्येक फ्रेममध्ये दोन ब्लॉक पुढे सरकत होती. म्हणजे सेकंदाला सहा मीटर, ताशी साधारण 22 किलोमीटर. पन्नासही नाही आणि दहाही नाही. चित्राच्या कडेला सरळ रेघाही वाकड्या दिसतात, म्हणून तिने मोजणी केवळ मधल्या भागात केली. या सावधपणाचे मला आजही कौतुक वाटते.

खरी गंमत त्यापुढची. तिने संगणकावर गेट, केबिन, खांब आणि मोटार उभी केली, आणि आभासी कॅमेरा काकांच्या डोळ्यांच्या उंचीवर नेऊन ठेवला. तिथे कोणताही खरा कॅमेरा नव्हता, आणि असणे शक्यही नव्हते. त्या जागेवरून पाहिल्यावर खांब दिसतच नव्हता. सत्यनारायणाच्या पूजेचा फलक कार्यकारिणीने रेलिंगला बांधला होता, त्याच्यामागे तो लपला होता. तो दिसू लागला शेवटच्या नऊ फ्रेममध्ये, म्हणजे धडकेच्या जेमतेम 0.6 सेकंद आधी. तेवढ्यात पाय ब्रेकवर पोहोचणेही कठीण. (वळणावर फलक लावण्याची आपली हौस हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, आणि शुभेच्छुकांचे चेहरे रस्त्यापेक्षा मोठे असू नयेत असे माझे ठाम मत आहे.) सभेत कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी फलक उतरला आणि खांबाचा खर्च सोसायटीने केला.

मात्र चित्र पटते, म्हणून ते जपून वापरावे लागते. फॉर्म्युला वनचे चालक आयर्टन सेना यांच्या 1994 मधील इटलीतील इमोला येथील जीवघेण्या अपघाताच्या खटल्यात चिनेका या इटालियन संगणक केंद्राने सेना यांच्या स्टिअरिंगची हालचाल संगणकावर उभी करून दाखवली होती. तीत फिर्यादी पक्षाला मोडत चाललेला दांडा दिसला, तर सेना यांच्या विल्यम्स संघाने तेवढी हालचाल नेहमीचीच असल्याचे सांगितले. चित्र एकच होते, अर्थ दोन निघाले.

बहरीनच्या तपासातही, कोण चुकले याइतकाच, चालकाच्या भोवती काय काय घडले हा प्रश्न महत्त्वाचा होता. गाडी 29 अंशांच्या कोनात आदळली, तीन पट्ट्यांच्या कठड्याची मधली पट्टी निकामी झाली आणि चालकाचा कोश, म्हणजे तो बसतो ते मजबूत कवच, त्यातून आरपार गेला. धक्क्याची तीव्रता गुरुत्वाकर्षणाच्या 67 पट होती. चालकाच्या डोक्याभोवतीची, 2018 पासून सक्तीची झालेली हेलो ही कमान टिकली, परंतु डोक्यामागची गादी जागची हलली आणि डावा पाय पुढे अडकला. तपासाच्या अहवालाने कठड्यांचा आणि त्या गादीचा पुढील अभ्यास सुचवला. ते 27 सेकंद कुठे गेले, याचे उत्तर पुष्कळसे त्या पायापाशी होते: बूट तिथेच सोडून ग्रोजाँ यांनी पाय ओढून काढला.

नमस्कार.