मशीन किती दिवस?

आयसीयूतला हा व्हेंटिलेटर. मिनिटाला श्वास किती, एका श्वासात हवा किती, ऑक्सिजन किती टक्के, हे डॉक्टर इथं ठरवतात. किती दिवस, हे बाहेर नातेवाईकांच्या या बाकावर ठरतं.

परळचं केईएम. इथल्याच परिचारिका अरुणा शानबाग हल्ल्यानंतर इथं १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या, परिचारिका त्यांना भरवायच्या. २०११ मध्ये त्यांच्याच प्रकरणात, दयामरणाचा अर्ज फेटाळतानाच, सर्वोच्च न्यायालयानं कृत्रिम जीवनाधार काढण्याची वाट मोकळी केली. ९ मार्च २०१८ ला घटनापीठानं लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं. आणि त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही मागितली! शिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी नेमायचं डॉक्टरांचं मंडळ. एवढे खेटे घालणार कोण?

जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानंच हे सोपं केलं. हे नोटरीचं टेबल. दोन साक्षीदार हवेत, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी हवा. वकील लागत नाही. कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीनं कोण बोलेल, हे कागदात लिहायचं. एक प्रत पालिकेच्या किंवा पंचायतीच्या कस्टोडियनकडे, म्हणजे ती जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. हे कस्टोडियन नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले. गोव्यात मे २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं.

आता रुग्णालयातली ही बैठक. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, हे पहिलं मंडळ. उपचार थांबवावेत का, यावर शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग दुसरं मंडळ, तिघंही नवे. त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला. पुन्हा ४८ तास. घरच्यांची संमती घ्यायची, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि मगच नळी काढायची. वेदनेचं औषध, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं चालूच राहतं. इंजेक्शन देऊन जीव घेणं आजही गुन्हाच आहे.

लिव्हिंग विल केलेलं नसेल, तरी हीच दोन मंडळं घरच्यांनाही मागता येतात. पण बाकावरच्या माणसांना हे सांगतं कोण? खर्च झेपेनासा झाला की 'आमच्या जबाबदारीवर नेतो' या फॉर्मवर सही होते. नळीसकट घरी नेलेल्या त्या रुग्णाला वेदनेचं औषध द्यायला तिथं कुणी नसतं.