पोर्शे ९३५चं इंजिन पुन्हा बांधताना नजर कुठे ठेवायची

मित्रहो, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत रोज मायक्रॉन मोजणारी मंडळी समोर बसली आहेत, तेव्हा हॉर्सपॉवरचे आकडे आधी सांगून मोकळा होतो. १९७६च्या ग्रुप ५ या रेसिंग गाड्यांच्या गटाच्या नियमांत टर्बो (बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, जोरावर फिरून सिलिंडरमध्ये दाबून हवा भरणारं यंत्र) असलेल्या इंजिनची क्षमता १.४ने गुणून गाडीचा वर्ग ठरायचा. चार लिटरच्या वर्गात बसण्यासाठी पोर्शेने ९३५ या रेसिंग गाडीचं इंजिन २,८५७ सीसीचं केलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ९२.८ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७०.४ मिमी. गुणून बघा, चार हजारांच्या आत अगदी काठावर बसतं. हवेने थंड होणारे सहा आडवे सिलिंडर, केकेके कंपनीचा एकच मोठा टर्बो आणि सुमारे ५९० हॉर्सपॉवर. पुढे १९७९ साली क्रेमर या जर्मन संघाने बांधलेली ९३५ची के३ ही आवृत्ती ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत सगळ्या गाड्यांमध्ये पहिली आली.

अशी गाडी कुणी नव्याने उभी केली की आपले डोळे रंगावर, मागच्या रुंद चाकांवर आणि पंखासारख्या स्पॉयलरवर जातात. मला विचाराल तर काम चांगलं झालंय की नाही हे एकाच गोष्टीवरून कळतं. उष्णता कुठे तयार होते, कुठून बाहेर जाते आणि बांधणाऱ्याने ती वाट मोकळी ठेवली आहे का, ते बघायचं.

आधी हवेचं बघू. समुद्रसपाटीला ३० अंशांची हवा १.४ बार बूस्टने, म्हणजे बाहेरच्या दाबापेक्षा तेवढ्या जादा दाबाने, दाबली आणि टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हवा दीडशे अंशांच्या आसपास बाहेर पडते. आता हेच इंजिन मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरात चालवा. हवा ४२ अंशांची. आपण समुद्रसपाटीपासून साधारण पावणेसहाशे मीटर वर आहोत, म्हणजे बाहेरचा दाबही जरा कमी. गेजवर तेवढाच बूस्ट आणायला कंप्रेसरला जास्त राबावं लागतं आणि हवा पावणेदोनशे अंशांपर्यंत जाते. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरने ती ६० अंशांवर आणली, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये जवळपास एक तृतीयांश हवा जास्त मावते. म्हणून परभणी-नांदेडकडे कुणी टर्बो गाडी चालवणार असेल, तर बूस्टचा स्क्रू फिरवण्याआधी इंटरकूलरच्या पुढची आणि मागची, दोन्हीकडची तापमानं मोजा. पोर्शे कारखान्याच्या बहुतेक ९३५मध्ये हवा पाण्याने थंड व्हायची. के३मध्ये क्रेमरने हवेनेच हवा थंड करणारा इंटरकूलर बसवला. पाण्याचा पंप गेला, पाइप सुटला, ही भानगडच उरली नाही. मला हा बदल फार आवडतो.

आता टर्बो. एक्झॉस्टच्या बाजूच्या टर्बाइनवर ९०० अंशांच्या पुढची आग आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कंप्रेसर. शाफ्ट फिरतो तो तेलाच्या पातळ थरावर. खोलण्याआधी शाफ्ट, नट आणि कंप्रेसर व्हील यांच्यावर एका रेषेत खूण करा, नाहीतर बॅलन्स गेला म्हणून समजा. नटाचे आटे बऱ्याचदा उलटे असतात, जोर लावण्याआधी ते तपासा. शाफ्टची लांबीच्या दिशेची हालचाल डायल गेजने मोजा. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, पण मर्यादा त्या मॉडेलच्या पत्रकातलीच धरायची. बोटाने हलवून "ठीक वाटतंय" म्हणणं इथे चालत नाही.

सर्वांत जास्त फसगत निळ्या धुरात होते. एक्झॉस्टमधून निळा धूर आला की लोक म्हणतात, टर्बोचं सील गेलं. टर्बोचं सील रबरी नसतं, ती पिस्टन रिंगसारखी धातूची रिंग असते. तिचं काम मुख्यतः गॅस अडवायचं. साठलेलं तेल तिने धरून ठेवावं अशी तिची रचनाच नाही. या पोर्शे इंजिनांत टर्बो खाली बसतो, त्यामुळे तेल आपोआप उतरून परत जात नाही. कॅमशाफ्टवर चालणारा वेगळा पंप ते ओढून घेतो. तो पंप थकला किंवा परतीचा पाइप आत चोंदला, की बेअरिंगच्या घरात तेल तुंबतं आणि रिंगमधून टर्बाइनकडे जातं. दोनदा टर्बो बदलला तरी धूर तसाच. आधी पंप आणि पाइप तपासा, टर्बोला हात नंतर लावा.

एक्झॉस्टच्या पाइपांचंही असंच. स्टेनलेसचा अर्धा मीटर पाइप खोलीच्या तापमानापासून ९०० अंशांपर्यंत तापला, तर सुमारे साडेसात मिलिमीटर लांबतो. म्हणून जागोजागी सरकते जोड ठेवलेले असतात. थंड असताना त्यांतून थोडी फुसफुस होते. ते आवडत नाही म्हणून कुणी जोड वेल्ड करून टाकतो. दिसायला काम सुबक होतं आणि पाइप कलेक्टरजवळ, म्हणजे सगळे पाइप एकत्र येतात तिथे, तडकतो. तडा डोळ्यांना दिसण्याआधी डाय टेस्टमध्ये, म्हणजे रंगीत द्रव लावून केलेल्या तपासणीत, दिसतो. ती टेस्ट करायला फार खर्चही येत नाही.

इंजिनचा केस, म्हणजे बाहेरचं धातूचं घर, दोन अर्ध्या भागांचा असतो आणि मधे गॅस्केट, म्हणजे जोडात घालायची पातळ चकती, नसतं. गॅस्केट घातलं तर त्याच्या जाडीने मेन बेअरिंगचं बोअरच, म्हणजे ते बसतं त्या भोकाचं मापच, बदलेल. दोन्ही भाग ठरलेल्या टॉर्कने आवळून मगच बोअर मोजायचं. सीलंट अगदी पातळ लावा. जास्तीचं सीलंट आत वाहतं आणि तेलाच्या वाटेत जाऊन बसतं. जुने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कापून बघायचा मोह मात्र आवरा. त्यांच्या पोकळ दांड्यात सोडियम असतं, पाणी लागलं तर पेटतं.

सुरू करताना स्पार्क प्लग काढून ठेवा आणि तेलाचा दाब गेजवर येईपर्यंत इंजिन नुसतं फिरवा. जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या वेस्टगेटचा व्हॉल्व्ह अडकत नाही ना, हे हवेच्या दाबाने टेबलावरच पाहून घ्यायचं. तो बंद अवस्थेत अडकला तर बूस्ट चढतच जातो आणि पिस्टनची रिंग जिथे बसते तो काठ सगळ्यात आधी फुटतो. पहिल्या फेऱ्या कमी बूस्टवर घ्या, मिश्रणात पेट्रोल थोडं जास्त ठेवा. थांबताना दोन-तीन मिनिटं आयडलवर चालू द्या. त्या काळच्या टर्बोला पाण्याचं जॅकेट नाही. एकदम बंद केलं तर शाफ्टभोवतीचं तेल जळून कोळसा होतं.

मग तेलाची गाळणी कापून तिचा कागद उन्हात पसरा. चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादाचा. न चिकटणारे पांढरट तुकडे बहुधा पिस्टनचे किंवा केसचे. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलेला आहे, इंजिन त्याच दिवशी परत खोला.