दिशा बदलली की सरकणारी मशीन

नमस्कार. तुमच्यातले बरेच जण रोज लाकडात काम करतात, म्हणून एका दारापासूनच सुरुवात करतो. देवघराचं सागवानी दार, त्यावर वेलबुट्टी. सीएनसी राउटरने, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणाऱ्या मशीनने, रफ कट छान मारला. फिनिशिंगचे दोन तास झाले आणि बघतो तर पानाची शीर पानाच्या बाहेर. पट्टी लावली; एक्स अक्षाला, म्हणजे आडव्या दिशेला, तीन मिलिमीटर सरक. फळी गेली. रेषा बघून, निवडून आणलेली फळी अशी गेली की फार लागतं मनाला.

मी ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, सोडून सगळ्यांवर संशय घेतला. मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग आवळलं, स्क्रूचा प्ले म्हणजे ढिलेपणा मोजला, फीड म्हणजे कटाचा वेग निम्म्यावर आणला. फीड उतरवूनही सरक तेवढीच राहिली. खरं तर उत्तर तिथेच होतं. मोटर ताकदीला कमी पडते तेव्हा ती जड कटात किंवा वेगात स्टेप, म्हणजे फिरण्याचा ठरलेला छोटा टप्पा, सोडते, आणि सोडते ती चार-चार पूर्ण स्टेप. पाच मिलिमीटर पिचच्या, म्हणजे एका फेऱ्याला पाच मिलिमीटर सरकवणाऱ्या, स्क्रूवर चार स्टेप म्हणजे ०.१ मिलिमीटर, तेही एका झटक्यात. माझ्याकडे झटका नव्हताच. सरक हळूहळू वाढत होती, नेहमी एकाच बाजूला. लांब सरळ कट मारला की काही नाही. बारीक नक्षी आली, मशीन सारखी मागेपुढे व्हायला लागली, की सरकलीच.

आता बोर्डाकडे येऊ. टीबी ६५६० चिपचा, तिन्ही अक्ष एकाच पाटीवर असलेला स्वस्तातला बोर्ड. ड्रायव्हरला दोन सिग्नल जातात: एक स्टेपचा, एक दिशेचा. दिशा आधी पोचली पाहिजे, स्टेप नंतर. माझ्या बोर्डावर स्टेपच्या वाटेत वेगवान ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) होता आणि दिशेच्या वाटेत संथ. हा संथ भाग चालू पटकन होतो, बंद व्हायला वेळ लावतो. म्हणजे एका बाजूला वळताना सगळं ठीक, पण उलट वळताना पहिला पल्स, म्हणजे स्टेपच्या सिग्नलचा एक ठोका, जुन्याच दिशेला जातो.

आकडे मांडून बघा. मोटरच्या एका फेऱ्याला २०० स्टेप, प्रत्येक स्टेपचे १६ बारीक भाग (मायक्रोस्टेप), म्हणजे ३२०० पल्स. पाच मिलिमीटरला ३२००, तर एका पल्सला साधारण ०.००१६ मिलिमीटर. एक पल्स उलटा गेला की दोन पल्सची चूक, ०.००३. नखाएवढीही नाही! पण नक्षीत हजार वेळा मागेपुढे झालं की तीन मिलिमीटर. दारावरचा आकडा आणि कागदावरचा आकडा जुळला तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

सॉफ्टवेअरमध्ये दिशेच्या सिग्नलला जास्त वेळ देता येतो. हा उपाय आधी करा, त्याला पैसे लागत नाहीत. मी केला, सरक कमी झाली. पण महिन्याभरात झेडची, म्हणजे वर-खाली होणाऱ्या अक्षाची, चिप जळाली. या चिपला आधी पाच व्होल्ट आणि मगच मोटरचा सप्लाय हवा असतो. माझ्या पॅनेलमध्ये दोन्ही एकाच स्विचवर होते. शिवाय चिपची कमाल मर्यादा ४० व्होल्टची, आणि मी देत होतो ३६. धावणारी मोटर अचानक थांबते तेव्हा तीच उलटा व्होल्टेज ढकलते. मग उरतं काय?

म्हणून प्रत्येक अक्षाला स्वतंत्र ड्रायव्हर घेतला, डीएम ५४२ जातीचा. तो २० ते ५० व्होल्ट घेतो, त्यामुळे ३६ व्होल्टचा सप्लाय तोच ठेवला आणि वर ऐसपैस जागा राहिली. करंट डिप स्विचने, म्हणजे ड्रायव्हरवरच्या बारीक खटक्यांनी, लागतो, ड्रायव्हर ४.२ अँपिअर देतो म्हणून तेवढा लावू नका, मोटरच्या पाटीवरचा आकडा बघा. वायरींच्या जोड्या मीटरने तपासा, रंगावर विश्वास ठेवू नका. स्पिंडलची (कटर फिरवणाऱ्या मोटरची) केबल आणि अक्षांच्या मोटरच्या केबली लांब ठेवा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही, कधीही ओढू नका. त्या एका ठिणगीत नवा ड्रायव्हर जातो.

दिशेचा सिग्नल स्टेपच्या किमान पाच मायक्रोसेकंद आधी हवा, असं या नव्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात असतं. मी दहा ठेवतो.

मग चाचणी. लाकूड न लावता कॅरेजला, म्हणजे अक्षावर सरकणाऱ्या भागाला, बारीक सरक मोजणारा डायल गेज टेकवा, शून्य करा. एक सेंटिमीटर पुढे, एक मागे, असा हजार फेऱ्यांचा प्रोग्राम चालवा. जुन्या बोर्डावर काटा डायलच्या बाहेर गेला होता. नव्यावर तो शून्याच्या रेघेवर येऊन थांबला. एक्स झाला की वाय घ्या. झेडची चाचणी मात्र स्पिंडल बसवूनच घ्या, कारण रोजच्या कामात त्याला ते वजन उचलायचं आहे.