पंखा पाचवर

नमस्कार मंडळी, आज पाळी जाण्याबद्दल बोलायचंय, तेव्हा रेडिओचा आवाज कमी करू नका, उलट नवरा घरात असेल तर त्यालाही बोलवा.

आमच्याकडे मागच्या डिसेंबरात पंख्यावरून भांडण झालं. रात्री दोनला मला दरदरून घाम फुटायचा, मी पंखा पाचवर करायचे, आमचे हे गोधडीत कुडकुडत उठून एकवर करायचे, मी परत पाचवर, शेवटी ते उशी घेऊन हॉलमध्ये दिवाणावर गेले आणि तिथेच मुक्काम ठोकला, चार महिने. खरं सांगू? मला बरंच वाटलं. कारण जवळ आले की मला दुखायचं आणि ते सांगायचं कसं, म्हणून मी आपली कधी कंबर धरलीय, कधी उद्या उपास आहे. त्यांना वाटलं हिला आता मी नकोच झालोय.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली म्हणायची, आपल्याकडे साधारण 46-47 व्या वर्षी. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या शरीरातलं हार्मोन, कमी होतं, मग योनीची, हो योनीच, नाव घेतलं तर काही बिघडत नाही, आतली त्वचा पातळ होते, ओलावा जातो, आग होते, लघवीचं इन्फेक्शन सारखं सारखं. घाम बऱ्याच जणींचा काही वर्षांत ओसरतो पण हा कोरडेपणा सहसा आपोआप जात नाही, वाढतच जातो, आणि नेमकं हेच आपल्याला कोणी सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंनी जवळ येताना लावायचं वॉटर बेस्ड, म्हणजे तेल नसलेलं, जेल आणि आतून लावायची इस्ट्रोजेनची क्रीम दिली. ही रक्तात अगदी कमी उतरते, तरी ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय नको. मेडिकलवाल्या पोरानं जेल कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत दिलं, जशी काय दारूची बाटली! आणि हो, कंडोम असेल तर खोबरेल नको, फाटतो. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर दोन वर्षं, नंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायचीच, दिवस राहू शकतात. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग जरी दिसला तरी लगेच दाखवा, तिथे चालढकल नको.

क्रीमचा फरक पडायला काही आठवडे लागले. त्याआधी एका रात्री दिवाणावर जाऊन मी यांना सगळं सांगितलं, ते बराच वेळ गप्प, मग म्हणाले, एवढंच होतं होय.

आता परत आलेत, स्वतःची वेगळी गोधडी घेऊन. पंखा सध्या तीनवर आहे.