हायड्रिलाच्या मांडवाखाली

मित्रहो, हायड्रिला तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत, चंचुपात्रात, उलट्या नरसाळ्याखाली. उन्हात ठेवली की बुडबुडे यायचे आणि बाई सांगायच्या, हा ऑक्सिजन. हीच वनस्पती 1950 च्या दशकात शोभेच्या मत्स्यालयांसाठी फ्लोरिडात आली आणि 1960 साली तिथल्या पाण्यात मोकाट वाढताना सापडली. आज ओरलँडोजवळच्या टोहो तळ्यात मी गळानं मासे धरायला बोट घालतो, तेव्हा लांबवर पाणी दिसतच नाही, नुसतं हिरवं.

नवखा माणूस अशा वेळी मोकळं पाणी शोधतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं आणि रिकाम्या हातानं घरी आलो.

हायड्रिला तळातून सरळ वर येते, पृष्ठभागाला पोचली की आडवी पसरते. वर दाट छत, खाली बारीक देठ आणि मधे पोकळी. परसातला कारल्याचा मांडव आठवा. भर दुपारी त्या सावलीत लहान मासे, कोळंबी, किडे असतात, आणि म्हणून लार्जमाउथ बासही तिथंच असतो. तो दबा धरून बसणारा मासा आहे. जबडा उघडला की पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो.

पण सगळ्या मांडवाखाली मासा नसतो. हायड्रिला संपून लव्हाळं सुरू होतं ती रेघ, गवताचं पुढं आलेलं टोक, मधलंच एखादं भोक, तळ जिथं अचानक खोल जातो ती जागा, या बघायच्या. आणि इंजिन बंद करून ऐकायचं. गवताखालून टप्, टप् असा बारीक आवाज येतो. ब्लूगिल मासे पानाला चिकटलेले किडे ओढत असतात. तो आवाज आला की माझा हात आपोआप गळाच्या काठीकडे जातो.

आता छत भेदायचं कसं? गोळीच्या आकाराचं 1 ते 1.5 औंसाचं टंगस्टनचं वजन घ्या. रबरी आमिष आटोपशीर हवं, लोंबत्या पायांचं नको. गळाचं टोक आमिषातच रुतवून ठेवा, म्हणजे गवत धरणार नाही. दोरी 65 पौंडांचा ताण सोसणारी, विणलेली. आमिष उंच उडवून सरळ खाली सोडा. ते छतावर आपटतं, क्षणभर अडतं, मग फटीतून निसटतं. पुष्कळदा मासा तेव्हाच घेतो. दोरी मधेच सैल पडली किंवा बाजूला सरकली की थांबू नका. जोरात ओढा आणि मासा लगेच वर आणा, खाली वळला तर देठांना वेढे घालतो.

छतावरून रबरी बेडूक चालवताना मात्र नेमकं उलटं. ज्यांनी गावी बेडकावर मरळ धरला आहे त्यांना हे ठाऊक आहे. पाणी उसळलं म्हणून लगेच हिसका मारायचा नाही, काठीला वजन लागू द्यायचं.

वर आलेल्या बासभोवती कधी कधी माशापेक्षा जास्त गवत असतं. ते ओल्या हातानं सोडवा, मोठा मासा एका ओठावर लोंबकळत धरू नका, पोटाखाली हात द्या. वसंतात नर अंड्यांपाशी राखण करतो, त्याला तर ताबडतोब परत सोडा.

आणि निघताना बोटीचा ट्रेलर तपासा. हायड्रिलाचं एक पेर ओलं राहिलं तरी पुढच्या तळ्यात मूळ धरतं. मी धक्क्यावरच चाकांच्या खाचा, पंख्याचा दांडा, नांगराची दोरी बोटांनी चाचपतो, निघालेला प्रत्येक तुकडा कोरड्या जमिनीवर, पाण्यापासून लांब टाकतो. वीस मिनिटं जातात. तेवढा वेळ मी हातात ठेवूनच निघतो.