आपल्याच बाकावरून

८ मे १९४०च्या रात्री, नॉर्वेतल्या युद्धमोहिमेच्या अपयशावरील चर्चेनंतर, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मतमोजणी झाली. पंतप्रधान नेव्हिल चेंबर्लेन यांच्या बाजूने २८१ मते पडली, विरोधात २००. म्हणजे ८१ मतांनी जिंकले. आणि दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला.

जिंकलेला माणूस का गेला? कारण एरवी त्यांच्या सरकारचे मताधिक्य दोनशेच्या वर असे. त्या रात्री त्यांच्याच पाठिराख्यांपैकी चाळीसच्या आसपास खासदारांनी विरोधात मत दिले आणि बरेच जण मतदानाकडे फिरकलेच नाहीत. आदल्या दिवशी लिओ अ‍ॅमेरी बोलले होते. हुजूर पक्षाचे, बर्मिंगहॅमचे, म्हणजे चेंबर्लेन यांच्याच शहरातले आणि त्यांचे जुने सहकारी. सतराव्या शतकात सेनानी क्रॉमवेलने पार्लमेंटला सुनावलेले शब्द उसने घेऊन त्यांनी पंतप्रधानांना तोंडावर सांगितले की आता जा, देवासाठी जा.

हेच अ‍ॅमेरी पुढे चर्चिल यांच्या सरकारात भारतमंत्री झाले. १९४२ साली गांधीजी, नेहरू, पटेल तुरुंगात गेले तेव्हा लंडनमधून तो कारभार पाहणारे हेच गृहस्थ होते. घरातली असहमती त्यांना पवित्र वाटत होती, आमची नाही. असो. आज मला त्यांच्याकडून एवढेच घ्यायचे आहे की पंतप्रधानाला ‘जा’ म्हटल्यानंतरही त्यांची खासदारकी कुणी काढून घेतली नाही.

लोकशाहीची तब्येत कशी आहे असा प्रश्न निघाला की आपण विरोधी पक्षाकडे पाहतो. तो बोलतो का, त्याला बोलू देतात का. हे पाहायलाच हवे. पण विरोधक विरोध करणारच, आणि नेताही ते धरूनच चालतो. त्याची झोप उडते ती मागच्या बाकावरचा स्वतःचा माणूस उठून उभा राहतो तेव्हा. माझे म्हणणे असे की नेतृत्वाविषयीचा खरा जाहीर मतभेद सत्ताधारी बाकांवरच व्हावा लागतो, आणि आपण त्या बाकांना कुलूप घातले आहे. तेही चांगल्या हेतूने.

आपल्याकडे हे कधी नव्हतेच असे समजू नका. १९५६ साली चिंतामणराव देशमुख केंद्रात अर्थमंत्री होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या निर्णयावर त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली. मुंबईतल्या गोळीबाराविषयी बोलले. मंत्रिमंडळाला न विचारता पंतप्रधानांनी घोषणा केली, हेही बोलले. पंतप्रधान होते नेहरू, लोकप्रियतेच्या शिखरावर. महाराष्ट्रात आपण हा प्रसंग बाणेदारपणाची गोष्ट म्हणून सांगतो. त्यातला घटनात्मक मुद्दा मात्र मागे राहतो. एक मंत्री पंतप्रधानाच्या कामाच्या पद्धतीचा हिशेब सभागृहासमोर मांडत होता.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५७ मध्ये, फिरोज गांधी उठले. काँग्रेसचे खासदार, शिवाय पंतप्रधानांचे जावई. नव्यानेच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांमध्ये सव्वा कोटी रुपयांच्या आसपास पैसा का घातला, हा त्यांचा प्रश्न होता. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांच्याकडे चौकशी गेली, जाहीर सुनावणी झाली, महिन्याभरात अहवाल आला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले. हे प्रकरण सत्ताधारी बाकावरून पेटले, आणि म्हणूनच ‘विरोधकांचा कांगावा’ म्हणून ते झटकता आले नाही.

महावीर त्यागींचा किस्सा तुम्ही ऐकला असेल. चीनने बळकावलेल्या अक्साई चीनमध्ये गवताचे पातेही उगवत नाही, असे नेहरू म्हणाले. त्यावर त्यागींनी स्वतःचे टक्कल दाखवून विचारले, इथेही काही उगवत नाही, मग हे कापून टाकायचे का? सांगणारे तो तिखटमीठ लावून सांगतात. पण त्यागी काँग्रेसचेच होते, हे सांगायला बहुतेक जण विसरतात.

मग बिघडले कुठे? १९६७च्या निवडणुकांनंतर. हरियाणात गयालाल नावाच्या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द आपल्याला मिळाला. देशभरात वर्षभरात चारशेच्या वर पक्षांतरे झाली, सरकारे पत्त्यांसारखी कोसळली. यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. लोकांना खरोखरच वीट आला होता, हे आज मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. शेवटी १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. त्यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो.

या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी एका दाव्याला बांधल्या गेल्या. पक्ष सोडला तर सदस्यत्व गेले, हे समजण्यासारखे आहे. पण पक्षातच राहून पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हीप मोडून मत दिले, किंवा नुसते गैरहजर राहिले, तरीही सदस्यत्व जाते; पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले तरच वाचते. म्हणजे पैसे घेऊन पळणारा आणि पटत नाही म्हणून हात वर न करणारा, दोघांना शिक्षा एकच. ब्रिटनमध्ये २०१९च्या सप्टेंबरात २१ हुजूर खासदारांनी आपल्याच पंतप्रधानांविरुद्ध मत दिले. पक्षाने त्यांना बाहेर काढले, चर्चिल यांच्या नातवासकट. खासदारकी मात्र शाबूत राहिली, कारण ती पक्षाने दिलेली नव्हती.

आपल्याकडे १९४०ची ती रात्र घडूच शकत नाही. घडली तर ते सगळे जण अपात्रतेच्या नोटिसा हातात घेऊन सभागृहाच्या अध्यक्षांच्या दालनाबाहेर बसलेले दिसतील.

कुणी म्हणेल, मत देता येत नसले तरी बोलता येते ना? कागदावर येते. पण पक्षाच्या वाट्याच्या वेळेत कोण बोलणार, ती यादी पक्षच देतो. आणि १९९४ साली गोव्यातल्या रवी नाईक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राजीनामा दिला नसला तरी वागणुकीवरून ‘स्वेच्छेने पक्ष सोडला’ असे अनुमान काढता येते. फार बोललात तर तेच तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येऊ शकते.

बरे, एवढे करून पक्षांतरे थांबली का? तुम्ही हसता आहात. तुमच्या मनात कोणते राज्य आले ते मला इथून दिसते आहे, पण तो खटला आज इथे चालवायचा नाही. दोनतृतीयांश सदस्य विलीनीकरण म्हणून एकत्र गेले तर कायदा त्यांना काही करत नाही, एवढेच लक्षात ठेवा. घाऊक व्यापाराला मुभा आहे. अडकतो तो एकटा.

उपाय कुणाला सुचला नाही असेही नाही. १९९०च्या दिनेश गोस्वामी समितीने सांगितले होते की व्हीप मोडल्याची ही शिक्षा विश्वास-अविश्वासाचा ठराव, धन विधेयक आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील आभारप्रस्ताव एवढ्यांपुरतीच ठेवा. १९९२च्या किहोटो होलोहान निकालात न्यायालयाने कायदा तीन विरुद्ध दोन असा उचलून धरला, पण व्हीपची व्याप्ती सरकारच्या अस्तित्वाचे प्रश्न आणि पक्षाने मतदारांपुढे मांडलेली मुख्य धोरणे यांपुरती वाचावी, असेही म्हटले. व्यवहारात साध्या विधेयकांवरही व्हीप निघतात. सत्ताधारी काढतात, विरोधकही काढतात. या एका बाबतीत आपल्या पक्षांमध्ये दुर्मीळ एकमत आहे, कारण प्रत्येक पक्षाच्या नेत्याला या कुलपाची किल्ली आपल्याच खिशात हवी आहे.

मी स्वतः गोस्वामी समितीच्याही थोडा पुढे जाईन. आभारप्रस्तावाला सूट का नको? सरकार पाडणारे मत बांधून ठेवा, ते मला चालेल. बाकी सगळे मोकळे करा. एखादे विधेयक आपल्याच माणसांमुळे पडले तर पंतप्रधानाने दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून विचारावे की काय खटकले. चिंतामणरावांना काय खटकले होते, ते सगळ्या देशाने सभागृहातच ऐकले.